ट्रकचे दोन दिवे : तांबडा आणि पिवळा

सुर्ला हे गोव्याच्या डिचोली तालुक्यातील गाव. पाळे, वेळगे, नावेली, आमोणे ही त्याच्या आसपासची गावे. या साऱ्या पट्ट्यात डोंगरांच्या पोटात लोहखनिज आहे आणि जवळूनच मांडवी नदी वाहते. त्यामुळे डोंगरावरचे खनिज ट्रकने खाली आणावयाचे, नदीच्या धक्क्यावर ते बार्जमध्ये भरावयाचे आणि तेथून मुरगाव बंदराकडे धाडावयाचे, अशी येथील रीत पडली. १९५० नंतर जपानच्या पोलादी कारखान्यांकडून मागणी वाढली, तसतसा हा व्यवहार फोफावत गेला. २०१०-११ साली तर गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज परदेशी गेले. ते बव्हंशी ज्या रस्त्यांवरून धक्क्यापर्यंत आले, ते रस्ते गावांतूनच जाणारे होते. त्यांच्या एका कडेला घराची पायरी, दुसऱ्या कडेला शाळेची वाट आणि मधून दहा टनांचा ट्रक, असे चित्र वर्षानुवर्षे दिसत आले.

अशा रस्त्यावर ब्रेक ही वस्तू केवळ ट्रकमालकाची राहत नाही. ती साऱ्या गावाची होते. म्हणून ट्रकच्या डॅशबोर्डावर ब्रेकसंबंधी जे दोन दिवे लागतात, एक तांबडा आणि एक पिवळा, त्यांचा अर्थ चालकाला ठाऊक असावा, मालकाला ठाऊक असावा, आणि रस्त्याच्या कडेने चालणाऱ्यालाही थोडाबहुत ठाऊक असला तर बरेच. दोन्ही दिवे ब्रेकचेच, म्हणून दोन्ही सारखेच, असा समज पुष्कळांचा असतो. या समजातून दोन प्रकारच्या चुका घडतात. कोणी पिवळ्या दिव्याने घाबरून गाडी भलत्या ठिकाणी उभी करतो. तर कोणी पिवळ्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागल्यामुळे पुढे तांबड्याकडेही तितक्याच निर्धास्तपणे पाहू लागतो. यांपैकी दुसरी चूक प्राणघातक होय.

दिव्यांचा अर्थ कळण्यासाठी ट्रकचा ब्रेक कसा लागतो हे आधी पाहिले पाहिजे. मोठ्या ट्रकच्या ब्रेकची शक्ती चालकाच्या पायात नसते, ती हवेत असते. इंजिनाबरोबर फिरणारा कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढून दाबतो. तिच्यातील ओलावा शक्य तितका काढून टाकला जातो आणि ही दाबलेली हवा टाक्यांमध्ये साठविली जाते. चालक पायाने पेडल दाबतो तेव्हा तो एक झडप उघडतो, एवढेच त्याचे काम. झडपेतून हवा प्रत्येक चाकाजवळच्या डब्यात शिरते, डब्यातील रबरी पडदा एका दांड्याला ढकलतो, दांडा कॅम फिरवितो, कॅममुळे ब्रेक-शू फाकतात, आणि त्यांवरचे लायनर फिरत्या ड्रमच्या आतील बाजूवर घासून चाक थांबवितात. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी हवेचे मार्ग वेगवेगळे ठेवलेले असतात, ते अशासाठी की एक मार्ग फुटला तरी दुसरा हाताशी असावा.

मागच्या चाकांच्या डब्यांत याखेरीज एक जबरदस्त स्प्रिंग असते. तिचे काम उलट्या रीतीचे आहे. हवा तिला आवरून धरते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक लागतो. हँडब्रेक ओढणे म्हणजे या स्प्रिंगवरची हवा सोडून देणे होय. 'बिघाड झाला तर यंत्राने थांबण्याच्या बाजूने बिघडावे' हे या रचनेमागील तत्त्व, आणि ते जुने आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउस याने १८६९ साली आगगाडीसाठी हवेचा ब्रेक काढला, तेव्हा नळी तुटली तर ब्रेकच नाहीसा होई. १८७२ साली त्याने रचना उलटी केली, आणि नळीतील हवा गेली की ब्रेक आपोआप लागू लागला. ट्रकच्या मागच्या चाकातील स्प्रिंग त्याच विचारावर चालते.

आता तांबड्या दिव्याचा अर्थ सांगणे सोपे आहे. टाकीतील हवा कमी आहे, हे तो मुख्यत्वे सांगतो. सकाळी गाडी चालू करताना टाक्या रिकाम्या असतील तर तो लागतोच, बहुतेक गाड्यांत त्याबरोबर भोंगाही वाजतो, आणि हवा भरली की दोन्ही बंद होतात. हवेचा दाब मोजणाऱ्या घड्याळात दोन काटे असतात, एक पुढच्या मार्गाचा, एक मागच्या मार्गाचा. भरलेल्या टाकीत दाब साधारणतः सात-आठ किलोच्या घरात असतो. तो उतरून साडेचार ते साडेपाच किलोच्या दरम्यान आला की दिवा पेटतो. नेमका आकडा ज्या त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा. हँडब्रेक ओढलेला असतानाही तांबडा दिवा लागतो, पण त्यावर बहुधा 'पी' हे अक्षर असते. बिघाडाच्या दिव्यावर उद्गारचिन्ह असते. ही दोन चिन्हे ओळखता आलीच पाहिजेत. लहान ट्रकांत हवेऐवजी तेलाचे ब्रेक असतात. तेथे तांबडा दिवा तेल कमी झाल्याची खूण असतो.

धावत्या गाडीत तांबडा दिवा लागला तर त्यावर तर्क करीत बसण्याचे कारण नाही. गिअर उतरवून वेग कमी करावा, पेडल पुन्हा पुन्हा न दाबता गाडी सपाट व मोकळ्या जागी घ्यावी, थांबवावी आणि चाकांना दगड लावावेत. पेडलाच्या प्रत्येक दाबाने थोडी हवा खर्च होते. हवा आधीच कमी असताना ती उधळणे म्हणजे अखेरचा पैसा उधळणे होय. 'धक्का जवळच आहे, ही फेरी पुरी करू' हा विचार तर मनात येऊ देऊ नये. दाब आणखी उतरला की मागच्या स्प्रिंगा आपण होऊन लागू लागतात, आणि त्या कोणत्या वळणावर लागतील हे चालकाच्या हाती नसते.

दोष शोधण्याची रीतही सरळ आहे. चाकांना दगड लावून टाकी पुरती भरावी, इंजिन बंद करावे, हँडब्रेक सोडावा, पेडल दाबून धरावे आणि एक मिनिट घड्याळाच्या काट्याकडे पाहावे. अमेरिकेत जड वाहनाच्या चालकाची परीक्षा घेतात तेव्हा एकट्या ट्रकसाठी या एका मिनिटात तीन पौंड, म्हणजे सुमारे एक पंचमांश किलो, इतकीच उतार क्षम्य मानतात. काटा याहून अधिक घसरला तर कोठेतरी गळती आहे. जो काटा घसरला त्यावरून पुढचा मार्ग की मागचा हे कळते. मग सांध्यांवर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे जागा दाखवितात. काटा स्थिर राहतो पण टाकी भरावयास फार वेळ लागतो, असे असेल तर संशय कॉम्प्रेसरवर घ्यावा. टाकीखालची तोटी रोज उघडून पाणी काढावे. कोकण-गोव्याच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, हे काम एक दिवसही चुकवू नये. पाण्याबरोबर पुष्कळ तेल येत असेल तर कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्या असे समजावे. मात्र मागच्या चाकाचा स्प्रिंगचा डबा कोणीही घरच्या घरी उघडू नये. त्यातील स्प्रिंग सुटली तर समोरचा मनुष्य वाचत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. बहुतेक ट्रकांत तांबड्या दिव्याला लायनर किती उरले हे दिसत नाही, आणि ड्रम किती तापला हेही कळत नाही. चोर्ला घाट उतरताना वरच्या गिअरात राहून सतत ब्रेक दाबणाऱ्याचे ड्रम तापून लायनरची पकड जाते, तेव्हा टाकी भरलेली असते आणि दिवा विझलेलाच असतो. म्हणून दिवा विझलेला असणे ही हवेची हमी आहे, ब्रेकची नव्हे.

पिवळा दिवा निराळ्या गोष्टीचा आहे. चाक जखडू न देणारी जी यंत्रणा 'एबीएस' या तीन अक्षरांनी ओळखली जाते, तिचा तो दिवा. जोराने ब्रेक लावला की चाक फिरावयाचे थांबते, पण गाडी थांबत नाही. ती घसरत जाते. फिरणारे चाक रस्ता धरून ठेवते, घसरणारे चाक तो सोडते. पुढची चाके जखडली तर स्टिअरिंग कितीही फिरविले तरी गाडी वळत नाही. मागची जखडली तर गाडीचा मागचा भाग आडवा येतो. खनिज उतरवून परतणाऱ्या रिकाम्या ट्रकला हा धोका अधिक असतो, कारण मागच्या आसावर भार नसतो आणि भरलेल्या गाडीच्या मानाने तेवढ्याच ब्रेकने चाक झटकन जखडते. त्यात रस्त्यावर तांबडी धूळ साचलेली असेल आणि पहिला पाऊस पडला असेल तर तिचा निसरडा लेप होतो. भरलेली गाडी जपून चालविणारा चालकही रिकामी गाडी सैल हाताने चालवितो. संकट नेमके तेथेच उभे असते.

ही अडचण प्रथम विमानांच्या बाबतीत सोडविली गेली. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी इंग्लंडमध्ये डनलॉप कंपनीने 'मॅक्सारेट' नावाची यंत्रणा विमानाच्या चाकांसाठी आणली. १९७८ साली बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मर्सिडीझ-बेन्झच्या मोटारीत बसली, आणि १९८१ साली वॅब्को कंपनीच्या साह्याने ती त्याच कंपनीच्या ट्रकांत आली. भारतात २०१५ पासून नव्या मोठ्या ट्रकांना व बसगाड्यांना ती सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या बहुतेक ट्रकांत ती नाही. तेथे पिवळ्या दिव्याचा प्रश्नच येत नाही, आणि चालकाचा संयम हीच चाक न जखडण्याची एकमेव यंत्रणा होय.

तिची रचना अशी. चाकाच्या हबवर दाते असलेले एक कडे असते. पुष्कळ ट्रकांत दात्यांची संख्या शंभर असते. त्याच्याजवळ लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे असलेला सेन्सर असतो. दाते समोरून सरकले की वेटोळ्यात विजेचा बारीक प्रवाह उठतो. चाक जितके वेगाने फिरेल तितक्या त्याच्या लहरी अधिक. या लहरी मोजून एक लहानशी पेटी, म्हणजे यंत्रणेचा मेंदू, प्रत्येक चाकाचा वेग जाणते. एखादे चाक इतरांच्या मानाने एकाएकी मंदावले की पेटी त्या चाकाच्या मार्गातील मॉड्युलेटर नावाच्या झडपेला आज्ञा देते. झडप हवा क्षणभर सोडते, चाक पुन्हा फिरू लागते, हवा पुन्हा भरते. सेकंदाला कित्येक वेळा हे घडते. याने गाडी नेहमीच कमी अंतरात थांबते असे नाही. खाणीतील सैल खडीवर उलट अंतर थोडे वाढूही शकते. लाभ हा की स्टिअरिंग चालकाच्या हाती राहते.

म्हणून पिवळा दिवा लागला याचा अर्थ ब्रेक गेला असा नव्हे. साधा ब्रेक पूर्ववत लागतो; जखडणाऱ्या चाकाला सोडविणारा मात्र कामावर नाही. अशी गाडी सावकाश, अंतर राखून गॅरेजपर्यंत नेता येते, पण गॅरेजपर्यंतच. महिनोन्‌महिने तशीच चालवीत राहण्याची ती परवानगी नव्हे. आणि पिवळ्याबरोबर तांबडाही लागला असेल तर तांबड्याचा नियम चालेल : थांबणे.

पिवळ्या दिव्याची भाषा थोडी लक्ष देऊन वाचावी लागते. चावी फिरविताच तो लागला पाहिजे. त्या वेळी यंत्रणा स्वतःची तपासणी करते, झडपांचा टक-टक असा आवाज येतो आणि सुमारे तीन सेकंदांत दिवा विझतो. असे झाले तर सारे ठीक. दिवा मुळीच लागला नाही तर ते सुलक्षण नव्हे. बल्ब गेला असेल, फ्यूज गेला असेल, किंवा कोणी बल्ब काढून ठेवला असेल. दिवा लागून राहिला, पण गाडी ताशी सातएक किलोमीटर वेगाने चालू लागताच विझला, तर पूर्वी एखाद्या सेन्सरचा दोष नोंदला गेला होता आणि आता त्याचा संदेश पुन्हा ठीक येत आहे, असे बहुधा समजावे. दिवा लागलेलाच राहिला तर दोष आजचा व हजर आहे. खड्ड्यागणिक लागतो आणि विझतो, असे असेल तर सैल जोड, घासलेली तार किंवा चाकाच्या बेअरिंगमधील ढिलाई यांकडे पाहावे. मागची चाके चिखलात रुतून बराच वेळ जागच्या जागी फिरली, किंवा लहानमोठ्या व्यासाचे टायर घातले, तरीही काही यंत्रणा वेगांचा मेळ न लागल्यामुळे दिवा लावतात. तेथे वस्तू बिघडलेली नसते.

तपासणी स्वस्तापासून महागाकडे जावी. प्रथम फ्यूज आणि बॅटरीचा दाब. नंतर जोड : खनिजाची बारीक धूळ आणि पावसाचे पाणी मिळून जोडाच्या पिनांवर गंज चढतो, तो साफ केला की कित्येक दिवे विझतात. नंतर तारा, विशेषतः टिपरची बॉडी उचलताना ज्या ठिकाणी त्या घासतात तेथे. बॉडी उचलून काम करावयाचे असेल तर तिला भक्कम आधार दिल्याशिवाय कोणीही खाली शिरू नये. तार तपासण्यासाठी तिच्या आवरणात टाचणी खुपसू नये. त्या भोकातून पाणी शिरते आणि दोन महिन्यांनी नवा दोष उभा राहतो.

यानंतर सेन्सर. त्याचा विरोध मीटरने मोजला तर बहुधा एक ते दोन हजार ओहम यांच्या दरम्यान येतो. चाक उचलून हाताने सेकंदाला अर्धा फेरा या वेगाने फिरविले तर सुमारे पाव व्होल्टच्या आसपास प्रवाह दिसावा. नेमके आकडे पाठ नसले तरी अडत नाही. त्याच आसाच्या दुसऱ्या चाकाचा सेन्सर मोजावा आणि दोन्हींची तुलना करावी. जो वेगळा तो संशयित. सेन्सर आणि दात्यांचे कडे यांत अंतर पडले असेल तर सेन्सर हाताने कड्याला टेकेपर्यंत आत ढकलावा, हातोडीने ठोकू नये. मात्र तो पुन्हा पुन्हा मागे सरकत असेल तर दोष सेन्सरचा नसून बेअरिंगचा आहे, आणि तो एबीएसपेक्षाही गंभीर आहे. कड्याचे दाते तुटले आहेत काय, त्यांत चिखल व गंज बसला आहे काय, हेही पाहावे. मग मॉड्युलेटरच्या झडपा. आणि पेटी सर्वांत शेवटी. पेटी क्वचित बिघडते, पण महाग असल्यामुळे अननुभवी हात प्रथम तिच्याकडेच वळतात.

पुष्कळ गाड्यांत तपासणीचे बटण दाबले की पिवळा दिवा ठरावीक वेळा उघडझाप करून दोषाचा अंक सांगतो. तो मोजून पुस्तिकेतील तक्त्याशी ताडून पाहावा. एका कंपनीचा तक्ता दुसरीला लागू पडत नाही. नोंद पुसावयाची ती दुरुस्ती झाल्यावर, आधी नव्हे. आणखी एक सूचना टिपरमालकांसाठी : बॉडीला विजेचे वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या तारा आणि पेटीचा जोड सोडवून ठेवावा. वेल्डिंगच्या प्रवाहाने निरोगी पेटी एका क्षणात निकामी होऊ शकते.

हे सारे सुर्ल्यासारख्या गावात विशेष महत्त्वाचे का, हेही सांगितले पाहिजे. येथील ट्रक हा अनेक कुटुंबांचा संसार आहे. शेतीची कास सुटल्यावर कर्ज काढून घेतलेला ट्रक हीच त्यांची जमीन झाली. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या. न्यायालयाने २०१४ साली मर्यादित उत्खननास मोकळीक दिली. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यास काम पुन्हा थांबले. पुढे खाणपट्ट्यांचे लिलाव झाले आणि २०२४ साली डिचोलीच्या पट्ट्यात पुन्हा उत्खनन सुरू झाले. मधल्या वर्षांत उभ्या राहिलेल्या गाडीचे काय होते? ड्रमवर गंज चढतो, टाकीत पाणी साचते, झडपांचे रबर कडक होते, जोडांना हिरवट बुरशीसारखा थर येतो. उंदीर तारा कुरतडतात. अशी गाडी पुन्हा रस्त्यावर येते तेव्हा दोन्ही दिवे लागले तर त्यांत नवल नाही. ते लागले नाहीत तरच बल्ब तपासावा.

आणि मोह येतो तो येथेच. हप्ता थकलेला, फेरीवर मिळकत अवलंबून, रांगेत पुढचा नंबर आपला. अशा वेळी पिवळ्या दिव्यावर चिकटपट्टी लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय वाटतो. परंतु चिकटपट्टीने दिवा झाकतो, दोष झाकत नाही. शिवाय जो चालक मालकाचा नोकर आहे, त्याला दिवा दिसला तरी गाडी उभी करण्याचा अधिकार नसेल, तर दिव्याचा उपयोग काय? म्हणून मालकाने एक गोष्ट चालकाला आधीच स्पष्ट सांगून ठेवावी : तांबड्या दिव्यासाठी गाडी थांबविली तर त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही. आणि पिवळा दिवा चालकाने सांगितला की तो वहीत तारखेनिशी लिहून ठेवावा, म्हणजे तो विसरला जाणार नाही.

सकाळी पहिल्या फेरीपूर्वी चार मिनिटे पुरतात. चावी फिरवून दोन्ही दिवे लागतात काय ते पाहावे. हवा भरून काटे जागी येतात काय ते पाहावे. इंजिन बंद करून एक मिनिट पेडल दाबून धरावे. टाकीचे पाणी काढावे. नंतरच ट्रकने गावाच्या रस्त्याला लागावे. त्याच वेळी त्या रस्त्यावर मुलेही शाळेला निघालेली असतात.